उंबऱ्याजवळच्या गुलाबी चपला

मुकुंदवाडीत तात्यासाहेबांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांची हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. शाळेत न येणारी लेकरं हुडकायला ते स्वतः वस्तीवर जायचे. आईबाप बिनदिक्कत सांगायचे, "घरात लेकरू नाय." गुरुजी वाद घालत नसत. उंबऱ्यापाशी इवल्याशा चपला दिसल्या की विचारत, "मग ह्या काय तुम्ही घालता व्हय?" नव्या शिक्षकांनाही त्यांनी हेच शिकवलं: आधी चपला बघा, मग तोंड उघडा.

आणि आता त्यांचीच नात शाळेत जात नव्हती. शाळेचं नाव काढलं की श्रेयाला उलट्या व्हायच्या, वर्गात तोंडातून शब्द फुटायचा नाही. शेवटी सुनेनं, अपेक्षानं, तिला काढून घेतलं आणि घरीच शिकवायला लागली. पोरगी खुलली. आईबरोबर गुलमंडीतल्या कापड दुकानात जाऊन मीटर मोजायला शिकली, दुकानदाराशी हुज्जत घालायला तर जास्तच शिकली. गुरुजींना हे दिसत नव्हतं असं नाही. पण लाज कुठं डोळ्यांचं ऐकते! लोक काय म्हणतील या धसक्यानं त्यांनी चौकात बसणं सोडलं. कुणी विचारलंच तर "इंग्लिश शाळंत हाय" म्हणून वेळ मारून न्यायचे.

जूनमध्ये शाळाबाह्य मुलांची पाहणी सुरू झाली. खिडकीतून गुरुजींना गजाला येताना दिसली. त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागलेली शिक्षिका. अपेक्षा बाहेर गेली होती. गुरुजी चटकन खिडकीपासून मागं सरले.

"श्रेया, आतल्या खोलीत जा. आवाज करू नको."

"का आबा?"

"जा म्हणलं ना!"

गजालानं आदरानं सलाम केला, तब्येत विचारली. मग संकोचून म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांनाच विचारावं लागतंय. घरात शाळेच्या वयाचं कोणी?"

"नाय," गुरुजी म्हणाले. "कोणी नाय."

गजालाची नजर सवयीनं उंबऱ्याकडं गेली. गुलाबी पट्ट्यांच्या चपला तिथंच होत्या. गुरुजींचाच प्रश्न तिच्या ओठावर आला असणार, पण तो तिनं गिळला. मान खाली घालून "येते गुरुजी" म्हणाली आणि शेजारच्या घराकडं वळली. चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं. तिनं त्यांची लाज राखली, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

रात्रभर तळमळून सकाळी ते गजालाच्या शाळेत गेले. "खोटं बोललो मी. नात हाय मला. घरी शिकती, आणि चांगली शिकती," असं सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं. गजालानं खुर्ची पुढं केली, चहा मागवला. परतताना त्यांना लई हलकं वाटत होतं. घरी येऊन त्यांनी सुनेलाही सगळं सांगितलं, अगदी चपलांचंही; श्रेया तिथंच खेळत होती. आता श्रेयाला घेऊन चौकात जायचं, भेटेल त्याला ओळख करून द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दूधवाला होता. गुरुजी उठायच्या आत श्रेया पळत उंबऱ्याशी गेली, आपल्या चपला उचलून छातीशी धरल्या आणि आवाज न करता आतल्या खोलीत निघून गेली.