मीनूचं इंग्रजीतलं आजारपण

मीनू गेल्याचं तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी भाजी निवडत होते. धाकटी बहीण माझ्याआधी गेली... आणि इतक्या आठवड्यांनंतरही तिची आठवण आली की रडू यायच्या आधी तिचा हेवाच मनात येतो.

ऐंशीच्या दशकात बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली. माझी दहावी तोंडावर आली होती, म्हणून मला अकोल्याला मामाकडे ठेवलं. मीनू लहान, ती आईबाबांबरोबर गेली आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकू लागली. मी मे महिन्यात जयपूरच्या तिलक नगरमधल्या घरी जायची ती पाहुण्यासारखी. एकदा मीनूने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आय अ‍ॅम अ बिट अंडर द वेदर, बाबा." बाबांचा चेहरा असा फुलला! दुपारी कूलरसमोर लोळत मी तिला विचारलं, हे काय म्हणालीस? "मतलब, थोडंसंच बरं नाही, ताई. सिक म्हटलं ना, तर मिस उलटीसाठी बादली आणते. ऑफ कलर म्हटलं तरी चालतं."

दोनेक दिवसांनी बाबांचे साहेब घरी आले. उन्हाने माझं डोकं खरंच ठणकत होतं. सरबताचा ट्रे ठेवता ठेवता मी ऐटीत म्हणाले, "आय अ‍ॅम अंडर द क्लायमेट." साहेब हसले. बाबाही हसले. माझे कान तापले... तेवढ्यात मीनू धावत आली आणि सोफ्यावर आडवी झाली. "बाबा, मैं भी! मीपण अंडर द क्लायमेट!" माझी लाज झाकायला आली होती ती, हे मला तेव्हाही कळलं. पण बाबांनी तिला जवळ ओढलं, तिच्या कपाळावर हात ठेवला. डोकं माझं दुखत होतं आणि हात तिच्या कपाळावर! तिला चुकायलासुद्धा माझ्यापेक्षा छान जमायचं.

पुढे मी हट्टाने इंग्रजी शिकले, शाळेत शिकवलंही. पण ते ऐकून फुलणारे बाबा तोवर राहिले नव्हते.

आई हल्ली माझ्याकडे असते. मीनू गेल्याचं तिला सांगितलं, ती रडली, आणि विसरली. पुन्हा सांगायचा धीर होत नाही. संध्याकाळी खोलीतून ती हाक मारते, "मीनू..." माझं नाव तिने इतक्या मऊ आवाजात कधी घेतलं नाही. सुरुवातीला मी सांगायची, "आई, मी शोभा." तिचा चेहरा पडायचा. आता मी "आले गं" म्हणते, आणि जाते.