विठोजींच्या इमारतीत राज्य येतं

चामराजपेटच्या त्या चार मजली इमारतीत एकाचा पायपोस एकाच्या पायात नव्हता, आणि विठोजी मोऱ्यांची नोकरी नेमकी त्यावरच टिकून होती.

विठोजी हेब्बाळच्या एका संशोधन संस्थेत कारकून. तिथले त्रिविक्रम सर जगभरच्या समाजांची तुलना करत: कुठे राजा झाला, कुठे झालाच नाही, आणि का झाला नाही. एकदा चहा पिताना विठोजी सहज बोलून गेले, "आमच्या इमारतीला अध्यक्षच नाही सर. कुणी कुणाचं ऐकत नाही." सरांचा घोट घशातच राहिला. भर शहरात राज्य नसलेला समाज! दूरच्या बेटांवरच्या टोळ्यांच्या पंगतीत विठोजींची इमारत जाऊन बसली. विठोजींना शब्दही मिळाला: अभ्यास पुरा होईपर्यंत इमारत अशीच राहिली, तर नोकरी कायम.

आणि लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीवाले म्हणाले, अध्यक्षाची सही आणा. आता अध्यक्ष आणायचा कुठून? चौथ्या मजल्यावर विठोजींची बायको हेमलता दुखरे गुडघे धरून घरात अडकली ती अडकलीच.

अध्यक्ष निवडायची बैठक ठरली, की विठोजी आदल्या दिवशी जिन्यात काडी टाकून यायचे. अध्यक्षपदावर डोळा असलेले शेजारी दोन. नागराजअण्णांच्या कानात, "शालनअक्कांचं नाव पुढे आहे बरं का." शालनअक्कांच्या कानात, "अण्णा तयारीत आहेत हं." झालं! बैठकीत नुसती बोंबाबोंब. माणूस वाईट नव्हता. पण बायको काही बोलत नाही म्हणजे तिचं बरं चाललंय, हा शोध नवरेमंडळींनी फार पूर्वीच लावलाय.

मग हेमलताच्या भाचीचं लग्न आलं. "मी जाणार म्हणजे जाणार," ती म्हणाली. "उचलून न्या, नाहीतर खिडकीतून सोडा."

तिला वेताच्या खुर्चीत बसवलं. पुढे नागराजअण्णा आणि त्यांचा मेव्हणा, मागे विठोजी आणि दूधवाला. सगळ्यांच्या पुढे शालनअक्का वाटेतल्या कुंड्या बाजूला सारत ओरडत होत्या, "स्वल्प सरका! वाट द्या!" माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. खाली ऊन, म्हणून कुणी छत्री धरली; लग्नाला निघाली, म्हणून कुणी मांडीवर नारळ ठेवला.

नेमके तेव्हाच त्रिविक्रम सर पाहणीला आले आणि फाटकातच थिजले. "पालखी! छत्र! नजराणा! विठोजी, इथं राज्य झालं की हो!"

"नाही सर, गुडघे दुखतात तिचे," एवढं विठोजींनी म्हटलं असतं तर नोकरी वाचत होती.

पण हेमलताचं सरांकडे लक्षच नव्हतं. फुलवाली, रिक्षा, समोरचं इडलीचं दुकान, ती अधाशासारखी बघत होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. विठोजींना स्वतःची इतकी लाज वाटली, की खुर्ची हातातून सुटायचीच बाकी राहिली.

"झालं सर," ते म्हणाले. "ह्याच आमच्या अध्यक्षा."

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी अण्णांकडे. दुसऱ्यापेक्षा ही बरी, म्हणून दोघांनीही मान डोलावली. सर खिन्न होऊन फाटकाबाहेर पडले. अक्कांनी पळत जाऊन लिफ्टचा कागद आणला आणि हेमलतानं नारळावरच तो टेकवून सही केली.

"जिन्यातली कुजबुज वर सगळी ऐकू येते हो," ती मागे वळून न बघता विठोजींना म्हणाली. "तुम्ही थांबता कधी, तेवढंच बघत होते."