बाटलीतला पाहुणा

आमच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर सकाळी कुणी भिंग घेऊन वाकलेलं दिसलं, की ते शेजारचे सर असतात. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या एकाच वंशातल्या जाती ओळखत बसतात.

"रंगावर काय जाता वहिनी? नराच्या तोंडाशी दोन आखूड हात असतात, ते बघायचे नि मग बोलायचं."

चहा विचारला की हातातली कोळ्याची बाटली दाखवतात. "पाहुणा आहे हो, नंतर."

गेल्या महिन्यात एक नर कशाशीच जुळेना. नवी जात, सरांचं नाव होणार, असं कॉलेजात सगळे म्हणू लागले. सरांचा चेहरा मात्र उतरला. नवी जात ठरली, तर नमुना म्हणून त्याला मारून स्पिरिटमध्ये ठेवावं लागणार होतं. बाटलीतून तो सर हलतील तिकडे वळून बघायचा. मलाही ते बघवेना.

परवा सर जवळजवळ धावतच आले.

"जुनाच हो वहिनी! हातावरचा काटा मातीनं झाकला होता. आज त्यानं स्वतःच हात साफ केले नि काटा दिसला. आपल्याकडचा नेहमीचाच!"

त्यांनी गडग्यावर बाटलीचं झाकण उघडलं. कोळी काठावर थांबला, सरांकडे वळला आणि उडी मारून चिऱ्यांच्या फटीत दिसेनासा झाला.

नाव हुकलेला माणूस इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता. रिकामी बाटली खिशात टाकत ते पायरीवर ऐसपैस बसले.

"हं, आता टाका चहा."