दुसऱ्यांदा टोचताना

मला नोकरी लागली ती ठाण्याजवळच्या बाळकुमच्या एका म्हातारीमुळे. तिचं नाव मी विचारलंच नाही. त्या दिवशी घाबरून मी फक्त तिची शीर शोधत होते.

मी यवतमाळकडची. शाळा लवकर सुटली, बारावी बाहेरून केली, मग नर्सिंग. परीक्षा पास झाले, नोंदणी झाली आणि ठाण्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात एका दिवसाची ट्रायल मिळाली. जमलं तर नोकरी, नाहीतर गावची गाडी.

म्हातारी डोळे मिटून पडलेली. एक तळहात चादरीवरून संथ फिरवत सुरकुत्या सारख्या करत होती. मी सलाईनची सुई टोचली. शीर चुकली, हातावर निळं टेंगूळ आलं.

"सर्टिफिकेट विकत घेतलंस काय गं?" माझी ट्रायल बघणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. "सरक, मी लावते."

म्हातारीने डोळेही उघडले नाहीत. "हात माजा हाय ना? मंग हीच टोचंल." मग मला हळूच म्हणाली, "मिठागरात पयल्या दिवशी माजे पाय चिरलेले गो. कुनी घरी नाय धाडलं."

तिच्या तळहाताखालची चादर मला मिठागरासारखी दिसायला लागली, पांढरी, लांबवर पसरलेली, वारा पडलेला. मी सुई पुन्हा टोचली. शीर सापडली.

संध्याकाळी सिस्टर एवढंच म्हणाल्या, "उद्या आठला ये."

आठला पोचले तर खाट रिकामी. मुलगा तिला पहाटेच बाळकुमला घरी घेऊन गेलेला.

तिला पुन्हा कधी सलाईन लागू नये. पण लागलीच, तर बाळकुमला तिचं घर शोधून मी ती एका टोचण्यात लावीन.