हरळीला झालेलं अजीर्ण

"ह्या बापूला आजच कामावरनं काढा," आबा म्हणाले.

आबा म्हणजे आमचे चेअरमन. पलूस भागातल्या एका साखर कारखान्यात मी शेती अधिकारी होतो. शिकलो ऊस, पण गेस्ट हाउसपुढचं लॉनही माझ्याच गळ्यात! सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरलेला, त्यामुळं त्या हिरव्या तुकड्याचा आबांना लय अभिमान. दसऱ्याला बॉयलर पेटवायला मंत्री येणार, आणि नेमकी आत्ताच हरळीत परातीएवढी तपकिरी वर्तुळं पडलेली.

"उपाशी मारलं ह्यानं गवत. युरिया टाकलाच न्हाई!"

बापू आमचा माळी, फौजेतून आलेला. तो मान खाली घालून उभा. घरात म्हातारी आई आणि तीन पोरं. नोकरी गेली की क्वार्टरही गेलं.

आबा जरा पुढं गेल्यावर तो पुटपुटला, "दर आठवड्याला टाकलाय, सायेब. आबांनीच सांगितलं व्हतं. वरनं रोज सांजचं पानी."

मी गुडघे टेकून बघितलं. दवात, वर्तुळाच्या कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी!

युरिया म्हणजे नत्र. नत्रानं गवत झरझर वाढतं, हिरवंगार दिसतं, पण पातं लुसलुशीत होतं. असं कोवळं पातं रात्रभर ओलं राहिलं, हवा दमट असली, की बुरशीला जेवणाचं ताटच वाढलं म्हणायचं. नत्र फार कमी पडलं तर वेगळे रोग येतात, ते खरं. पण इथं उपासमार नव्हती, अजीर्ण होतं.

"आबा, युरिया बंद करू या. पाणी फक्त सकाळी. द्राक्षावर मारतात ते बुरशीनाशक फवारतो."

"आवं, ऊस पिवळा पडला की आमी काय करतो? युरियाच टाकतो न्हवं?"

"हा ऊस नाही, आबा."

आबांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "बरं. दसऱ्यापतोर बघतो. न्हाई जमलं तर तुमी दोघंबी घरी."

त्यानंतर माझी झोप उडाली. बापू रोज पहाटे बांबू फिरवून दव झाडायचा. मी वर्तुळांच्या कडेला काड्या रोवून ठेवल्या. पहिल्यांदा डाग वाढले, मग थांबले. जिवात जीव आला. आणि एका सकाळी वर्तुळं पुन्हा काड्यांच्या बाहेर! पात्यांच्या बुडाशी पांढरे दाणे. युरिया!

"बापू, हे काय रे?"

"आईच्यान, मी न्हाई टाकलं, सायेब!" खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही.

त्याच संध्याकाळी मी व्हरांड्यात बसून राहिलो. आबा फिरायला आले. इकडंतिकडं बघितलं, धोतराचा सोगा सोडला आणि पेरल्यासारखी मूठ फेकली.

"आबा!"

ते दचकले. "पिवळं दिसतंय वो. बघवंना. चार दानं टाकलं, त्यात काय?"

माझं डोकंच फिरलं. "गडी काढायचा तर बापूला कशाला काढता? आधी स्वतःचा हात आवरा!"

बोलून गेलो. संपलं, म्हटलं. आता साताऱ्याला बापाच्या घरी.

आबांनी हात झाडले आणि हाक मारली, "बापू, हिकडं ये."

बापू धावत आला, फौजेतल्यासारखा ताठ उभा राहिला. आबांनी स्टोअरची किल्ली मागवून त्याच्या हातात ठेवली.

"युरियाचं पोतं तुझ्या ताब्यात. मी मागितलं तरी द्यायचं न्हाई. समजलं?"

दसऱ्यापर्यंत डाग पुरते भरले नाहीतच. त्यांवर आम्ही खुर्च्या मांडल्या. मंत्री आले, हार घालून घेतले, गेले. गवताकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

पुढं आबांनी दोनदा युरिया मागितला. दोन्ही वेळा बापूनं सॅल्यूट ठोकला आणि दिला नाही. लॉन त्यामुळंच वाचलं.