नळीच्या तोंडावरचा अंगठा

परवा बाथरूमची फरशी धुताना ॲसिडचा उग्र वास नाकात गेला आणि धरणाकाठच्या आमच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवली.

दहावीत सर विरल आम्लात जस्ताचे तुकडे टाकून दाखवत होते. परीक्षानळीत बुडबुडे सरसर वर येऊ लागले. शेजारी उभी असलेली माझी मैत्रीण रुक्मिण त्या बुडबुड्यांकडे टक लावून बघत होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत धरणात बुडाला होता. पाण्यावर येणारे बुडबुडे थांबेपर्यंत ती काठावर उभी होती.

वायू पेटवून दाखवायला सरांनी काडी ओढली, तेवढ्यात तिनं नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला.

"पेटवू नका सर. त्यो आत हाय."

"अगं, हायड्रोजन आहे तो."

"मग मला आतून का ढकलायलाय?"

काडी बोटांपर्यंत जळत आली, तशी सरांनी ती फुंकून विझवली.

वायूचा दाब बोटाला ढकलतोच, हे आता मीच मुलांना शिकवते. पण त्या दिवशी रुक्मिणनं माझा हात ओढून स्वतःच्या अंगठ्याच्या जागी माझा अंगठा ठेवला. आतून कुणीतरी हळूच, थांबून थांबून ढकलत होतं. मी झटकन हात काढून नळीत पाहिलं. बुडबुडे केव्हाच थांबले होते.