मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेले शब्द

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. देवापुढंही नाही. तुम्हाला सांगते — कसं सांगू पण?

आमचे हे आणि माझे धाकटे दीर सुनील, दोघंही उचगावच्या एका फौंड्रीत कामाला. ह्यांच्या फुफ्फुसात गाठ सापडली तेव्हा आजार हाडांत, लिव्हरमध्ये पोचला होता. डॉक्टर म्हणाले, इतकं पसरल्यावर ऑपरेशन करून उपयोग नाही. मी त्यांचे पाय धरले. काय झालं त्यानं? पाच महिन्यांत हे गेले.

दोन वर्षांनी भाऊजींना तेच दुखणं. मी माझ्या जावेला, शोभाला, मिठी मारून रडले — ते रडणं खरं होतं. पण भाऊजींचा आजार वाढलेला असला तरी छातीबाहेर गेला नव्हता. केमो दिल्यावर गाठ आक्रसली. डॉक्टर म्हणाले, खात्री देत नाही, पण आता तेवढा भाग काढून टाकता येईल. शोभा पेढे घेऊन माझ्या दारात आली.

"अक्का, ऑपरेशन हुतंय म्हणत्यात की!"

तो पेढा मी न खाता तसाच ठेवून दिला. हिच्याच नवऱ्याचं का होतंय? मी काय कमी उपास केले होते? तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, आणि मला — मला ते ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी एकटेच आले. घाबरले होते.

"वैनी, तुमास्नी काय वाटतंय? घिऊ का करून?"

"घ्या" म्हणायचं होतं. एवढंच. मी म्हणाले, "ह्यांनी जाताना सांगितलंतं, भाऊजी. आपल्यात कुणाला हे दुखणं झालं तर कापू दिऊ नका. वारं लागलं की पसरतंय."

आमचे हे असं कधीच बोलले नव्हते. शेवटी त्यांना शुद्ध तरी कुठं होती?

भाऊजींनी ऑपरेशन नाकारलं. डॉक्टरांनी समजावलं, शोभा भांडली, रडली. त्यांचं एकच — "दादाचा शब्द हाय." पुढं आजार मेंदूत गेला.

तुम्ही म्हणाल, ऑपरेशननं ते वाचलेच असते कशावरून? तसं मीही स्वतःला सांगून बघितलं. पण मी ते बोलले तेव्हा — ते वाचायला नको होते मला.

तेराव्याला शोभा माझ्याशेजारी येऊन बसली. मोकळं कपाळ, मोकळे हात. "भावाचा शब्द पाळला बघा त्येनी," म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि क्षणभर मला हलकं वाटलं.

क्षणभर — नाही. तो सगळा दिवस.